करंगळीशेजारचा विस्तव

मंगळवार, ९ फेब्रुवारी १९९३

१. सकाळी स्कॅन. डोरीनने केला.
२. बाळाचं डोकं वर, माझ्या उजव्या बरगडीखाली. ढुंगण खाली. तेहतिसावा आठवडा संपला.
३. कन्सल्टंट म्हणाला, अजून वळेल कदाचित. नाही वळलं तर सिझेरियन. गुरुवार, १८ मार्च. तारीख लिहूनही टाकली.
४. मी विचारलं, बाहेरून हाताने वळवतात ना? "आमच्याकडे आता नाही करत."
५. "पाठीत इंजेक्शन देऊ. तुम्ही जाग्या असाल. ते लागू पडलं नाही तर मात्र पूर्ण भूल." हे तो पेनाला टोपण लावत म्हणाला.
६. मी "बरं" म्हणाले. दुपारी दोन अल्ट्रासाऊंड मशीनं तपासली. दोन्ही बरोबर निघाली.
७. घरी आले. कोट न काढता बसून राहिले.

आईची गोष्ट फार मोठी नाही. १९८२, नॉटिंगहॅम. पित्ताशयाचं साधं ऑपरेशन. भूल दिली, ती उठली नाही. मी सोळा वर्षांची होते. असं फार क्वचित होतं. आकडा मी शोधून काढलेला आहे, पाठ आहे. पण ती क्वचित होणारी गोष्ट आमच्याच घरात झाली, त्यामुळे आकड्याचा मला उपयोग होत नाही.

बाबा त्याच शहरात बाळंतपणाचे डॉक्टर. ते त्या दिवशी आत गेले नाहीत. त्यांचा नियम होता — घरच्यांना आपण हात लावायचा नाही, घरच्यांच्या ऑपरेशनला आत उभं राहायचं नाही. ऑपरेशन करणाऱ्याला अवघडल्यासारखं होतं, म्हणायचे. आई एकटी आत गेली.

मला त्या टेबलावर जायचं नाही. हे कुणाला सांगितलेलं नाही.

बुधवार, १० फेब्रुवारी

डोरीन स्कॅन करते, मी तिची मशीनं दुरुस्त करते. चार वर्षं झाली. आज चहाला बसलो तर म्हणाली, "माझ्या भाचीचं पण असंच उलटं होतं. चायनाटाउनमधल्या बाईने सरळ केलं."

"कसं?"

"पायाच्या करंगळीजवळ विडीसारखं काहीतरी पेटवून धरतात. पोटातलं पोर वळतं. हसू नकोस, मीपण हसले होते."

"मी हसत नाहीये."

"तू कधीच हसत नाहीस, लव्ह. आम्ही सगळे त्याच काळजीत आहोत."

करंगळी आणि गर्भाशय यांच्यात काय संबंध असू शकतो याचा ट्रॅममध्ये विचार केला. काही सापडला नाही. पत्ता पर्समध्ये आहे.

गुरुवार, ११ फेब्रुवारी

गेले.

एका बेकरीच्या वर खोली. वर जाईपर्यंत भाजलेल्या पावाचा वास, दारात वेगळाच. मिसेस क्वोक, पन्नाशीच्या, पांढरा कोट, चष्मा साखळीला अडकवलेला. चीनमध्ये हॉस्पिटलात प्रसूतीच्या वॉर्डवर डॉक्टर होत्या. माझे कागद आधी मागितले. वार कुठे आहे, ब्लड प्रेशर किती, कधी रक्त गेलं का, जुळं नाही ना. यातलं एक जरी उत्तर वेगळं असतं तर हातच लावला नसता, असं म्हणाल्या. मला बरं वाटलं. जी माणसं नाही म्हणू शकतात त्यांच्यावर माझा थोडा विश्वास बसतो.

जीभ बघितली. मग मनगटावर तीन बोटं. आधी डावं, मग उजवं. बोटं हलकी, मग जड, मग पुन्हा हलकी. इतका वेळ माझी नाडी कुणी धरलेली नव्हती. हॉस्पिटलात पंधरा सेकंद मोजून चाराने गुणतात.

"हे किती वेळा जमतं?" मी विचारलं.

"कधी जमतं. कधी नाही."

"असं का होतं?"

त्यांनी भिंतीवरच्या चित्राकडे बोट केलं. माणसाच्या अंगावरून ओढलेल्या रेषा. एक डोळ्यापासून निघून डोक्यावरून, पाठीवरून, पायाच्या मागून करंगळीच्या नखापाशी संपते. "इथे ऊब दिली की तिकडे पोचते." मी म्हटलं, अशी नस शरीरात नाही. "नाही," त्या म्हणाल्या. "कापून बघितलं तर नाही." आणि काडी पेटवली.

काडी म्हणजे सिगारसारखी जाड कांडी. वाळलेल्या पाल्याचा कापसासारखा चोथा कागदात घट्ट गुंडाळलेला. ज्वाळा नाही, नुसता विस्तव. तो करंगळीच्या नखाच्या बाहेरच्या कोपऱ्याजवळ धरायचा. टेकवायचा नाही. जवळ न्यायचा, लांब घ्यायचा, जवळ, लांब. "चिमणी दाणे टिपते तसं. आमच्याकडे याला तेच नाव आहे." धरणाऱ्याने दुसऱ्या हाताचं बोट करंगळीशेजारी कातडीवर ठेवायचं. म्हणजे चटका आधी त्याला कळतो.

पहिली काही मिनिटं काही नाही. मी छताकडे बघत होते. बिल किती होईल याचा विचार करत होते.

मग पोटात आतून एक लाट गेली. लाथ नाही. लाथ मला ओळखू येते. हे वेगळं होतं, सगळं अंग एकदम सरकल्यासारखं, झोपलेलं माणूस कुशीवर वळतं तसं. उजवीकडे एक उंचवटा आला, हळूहळू मधे गेला, थांबला. मी कोपरांवर उठून बघत राहिले. पायाच्या करंगळीजवळ ऊब आणि इकडे हे. मधे माझं अख्खं शरीर, आणि त्यात मला काहीच जाणवलं नाही.

मिसेस क्वोक बघतही नव्हत्या. त्यांचं लक्ष काडीवर. "हलतं?" इतकंच.

"हो."

"चांगलं. रोज संध्याकाळी, दोन्ही पाय, दहा दिवस. घरी कोण आहे?"

"कोणी नाही."

"तुमची करंगळी तुम्हाला दिसते?"

खाली पाहिलं. पोट दिसलं.

"मग माणूस आणा," त्या म्हणाल्या. "हे एकट्याने होत नाही."

शुक्रवार, १२ फेब्रुवारी

होतं. वर्कशॉपमधून लोखंडी स्टँड आणि स्क्रूचा चिमटा आणला. सोफ्याच्या टोकाला फळी, फळीवर पाय, काडी चिमट्यात, नखापासून बरोबर तीन सेंटिमीटर. आरशाने अंतर तपासलं. मिसेस क्वोकच्या हातापेक्षा स्थिर.

बाळ हललं. कालइतकं नाही.

मी हे मराठीत लिहिते याचं कारण साधं आहे. वही कामावर उघडी राहिली तरी चालते. आईने जेवणाच्या टेबलावर शिकवलं तेव्हा मी रडून विचारलं होतं, हे मला लागणार कुठे? इथे लागलं.

रविवार, १४ फेब्रुवारी

भाजलं. डाव्या करंगळीला वाटाण्याएवढा फोड.

कारण: बाळ हललं, मी दचकले, पाय सरकला. स्टँड सरकला नाही. स्थिर होता ना. सुजलेल्या पायाला चटका कळायलाही उशीर झाला. थंड पाण्यात पाय बुडवून बाथटबच्या कडेवर बसले होते तेवढ्यात खालच्या मजल्यावरचा मुलगा दार वाजवायला लागला. वास गांजासारखा येतो म्हणाला. तक्रार नव्हती त्याची. मिळेल का विचारत होता.

डोरीनला संध्याकाळी जमत नाही, तिची तीन मुलं. ग्रॅहम बाळाचा बाप, पण त्याला फोन करणार नाही. ब्रिस्टलची नोकरी घे, बाळासाठी थांबू नकोस, असं मीच त्याला सांगितलं आणि त्याने फार लवकर ऐकलं. राहिलं कोण?

ऑक्टोबरात नॉटिंगहॅमला जाऊन बाबांना सांगितलं होतं. लग्न नाही, करायचंही नाही, मूल मार्चमध्ये. ते खिडकीशी उभे होते. म्हणाले, "तुझ्या आईला काय सांगू?"

आई जाऊन दहा वर्षं झाली होती. मी बॅग उचलली आणि पुढची ट्रेन पकडली. तेव्हापासून बोललो नाही.

सोमवार, १५ फेब्रुवारी

केला फोन. तीनदा रिसीव्हर ठेवला, चौथ्यांदा केला.

"बाबा, सुलू बोलतेय. बाळ ब्रीच आहे."

मग, "कोण म्हणतं?"

"स्कॅन."

"स्कॅन ठीक आहे. हात कोणी लावला?"

"कोणी नाही."

"आजकाल कोणी लावत नाही." मी मिसेस क्वोकचं सगळं सांगितलं. रिपोर्ट दिल्यासारखं, क्रमाने. शेवटी म्हटलं, "पायाशी बसायला माणूस हवंय. रोज संध्याकाळी. दहा दिवस."

"माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही."

"माझाही नाही."

"मग का करतेस?"

"बाळ हलतं म्हणून."

मग म्हणाले, "कुठला पाय भाजलाय?"

भाजल्याचं मी सांगितलंच नव्हतं. विचारलं, कसं कळलं? "तू आधी एकटीने करून बघितल्याशिवाय मला फोन करणार आहेस का?"

मंगळवार, १६ फेब्रुवारी

बाबा डोंगरातल्या रस्त्याने आले, बर्फ होतं तरी. एक सूटकेस, एक प्रेशर कुकर, मेतकुटाची बाटली. वजन कमी झालंय. दारात थबकले. पाय आत आणि हात चौकटीवर.

"हा वास कुठून येतोय?"

"त्या काडीचा. काल पेटवली होती."

"दवणा," ते म्हणाले.

मला आठवेना. मग आठवलं. आईच्या साड्यांच्या कपाटात वाळलेल्या काड्या असत. मावशी पुण्याहून पाकिटातून पाठवायची. देवाला वाहिलेला, चैत्रातला. कपाट उघडलं की तो वास. आई गेल्यावर बाबांनी ते कपाट रिकामं केलं नाही, पण वास हळूहळू गेला.

काडीच्या वेष्टनावर लॅटिन नाव छापलं आहे. पुस्तकात पाहिलं. दवण्याचीच जात.

संध्याकाळी बसलो. मी सोफ्यावर आडवी, ते पायथ्याशी बुटक्या स्टुलावर. त्यांनी काडी पेटवली, मिसेस क्वोकच्या कागदावरच्या सूचना परत एकदा वाचल्या आणि बोट माझ्या पायावर ठेवलं. मी पाय मागे घेतला. मुद्दाम नाही — आपोआप. मग पाय लागला म्हणून वाकून त्यांच्या हाताला स्पर्श करून छातीला लावायला गेले, तर पोटामुळे वाकता येईना. हात अर्ध्यावर हवेत राहिला.

"हे किती वेळा करणार आहेस? काडी संपेल."

"सवय आहे."

"आईने लावली," ते म्हणाले. "शेजारच्या मिसेस टेलरला चुकून पाय लागला तर तिलाही नमस्कार केला होतास. बिचारी घाबरली होती."

पाय पुढे केला. त्यांनी बोट ठेवलं. घरच्यांना हात लावायचा नाही हा नियम मला आठवला. त्यांनाही आठवला असणार.

बाळ हललं.

बुधवार, १७ फेब्रुवारी

बाबांचा हात स्टँडसारखा स्थिर नाही. पण माझा पाय हलला की त्यांचा हात त्याच्याबरोबर हलतो. ते बघतही नाहीत. त्यांच्या बोटाला कळतं.

"पायथ्याशी बसणाऱ्याचं भलं होतं," आज स्वतःशीच म्हणाले. "अर्जुन पायथ्याशी बसला म्हणून त्याला कृष्ण मिळाला. दुर्योधन उशाशी जाऊन बसला, त्याला नुसतं सैन्य."

"तुम्हाला काय मिळणार?"

"मला गुडघेदुखी."

शुक्रवार, १९ फेब्रुवारी

अजून डोकं वरच. बाबा स्कॅन न बघता सांगतात, लाकडी कर्णा पोटाला लावून. ठोके बेंबीच्या वर ऐकू येतात म्हणजे डोकं वर. तरी पोटाला हात लावत नाहीत. कर्णा लावतात.

आज भात जास्त मऊ झाला. मेतकूट, तूप. दोघांनी दोनदा घेतला.

रविवार, २१ फेब्रुवारी

दुपारी आम्ही मिसेस क्वोककडे गेलो. बाबांना त्यांच्याशी भांडायचं होतं. तशी तयारी करून गेले होते, टाय लावून. वर पोचेपर्यंत दम लागला, म्हणून त्या आधी त्यांचीच नाडी बघायला लागल्या. बाबा हात पुढे करून उभे राहिले.

मग दोघं बोलत राहिले. पायाळू बाळाचा पाय आधी आला तर त्या काय करायच्या, बाबा काय करायचे. वारेचं काय, वेळ किती मिळतो. बाबांनी हातांनी हवेत बाळ फिरवून दाखवलं. मिसेस क्वोकनी डोकं हलवून त्यांचे हात धरले आणि कोन बदलला. "असं." बाबांनी परत करून बघितलं. "हो. असं," म्हणाले. दोघांच्या मधे हवेत एक बाळ होतं आणि मी खुर्चीवर बसून ते बघत होते. मला तिथे बाळ खरंच दिसल्यासारखं वाटलं.

जिन्यावरून उतरताना बाबा म्हणाले, "बाईला काम येतं." आणि खाली पोचल्यावर, "रेषा मात्र चुकीच्या आहेत."

बुधवार, २४ फेब्रुवारी

नीट लिहायचं आहे.

संध्याकाळ. उजवा पाय झाला होता, डावा चालू होता. फोड असल्यामुळे बाबा त्या बाजूला जास्त जपून. टीव्ही बंद. रस्त्यावरून ट्रॅम गेली, तिची घंटा वाजली.

आधी पोट कडक झालं. मग सैल. मग उजव्या बरगडीखालचा कठीण गोळा — गेले दोन महिने तो तिथेच आहे, मी त्याच्यावर हात ठेवून झोपते — तो सरकला. मी शर्ट वर केला. कातडीखाली काहीतरी मोठं, गोल, हळू जात होतं. डावीकडे. पाण्यात म्हैस कूस बदलते ना, तसं, अजिबात घाई नाही. पोटाचा आकारच बदलला. लांबट होतं ते आडवं झालं, चौकोनी, विचित्र. मला श्वास घेता येईना. दुखत नव्हतं. भीतीही नव्हती. मी गर्भाची चित्रं दिवसभर पडद्यावर बघते, मशीनं तपासताना, पांढऱ्या-करड्या ठिपक्यांची. ती इतकी खरी कधी वाटली नव्हती. इथे एक माणूस होतं आणि ते कुठेतरी निघालं होतं.

"बाबा."

त्यांनी वर बघितलं. काडी बशीत ठेवली. "थांब. हलू नकोस."

उठून माझ्या बाजूला आले. हातावर हात चोळून गरम केले. आणि दोन्ही हात माझ्या पोटावर ठेवले.

ढकललं नाही. नुसते ठेवले. दोन तळहातांच्या मधे ते वळत होतं आणि बाबांचे हात त्याच्याबरोबर जात होते, वाट देत. त्यांचे डोळे मिटलेले. मग हालचाल थांबली. त्यांनी एक हात खाली, हाडाच्या वर, अंगठा आणि बोटांत पकडल्यासारखा केला, किंचित हलवला. तिथे काहीतरी कठीण, गोल, बोटांत डुलणारं होतं.

"डोकं," ते म्हणाले.

नंतर कितीतरी वेळ ते हात उचलेनात. मीही उचला म्हटलं नाही. बशीत काडी जळत होती, खोलीभर दवणा.

"हजारोंना हात लावला असेल," ते म्हणाले. "मी वळवायचो. माझ्या हातांखाली आपणहून वळलेलं कधी बघितलं नव्हतं."

मग खूप हळू म्हणाले, "तुझ्या आईला हे सांगायला हवं."

तेच वाक्य होतं जवळजवळ. तेच नव्हतं.

गुरुवार, २५ फेब्रुवारी

डोरीनने स्कॅन केला. डोकं खाली. तिने पडदा माझ्याकडे वळवला, मग बाबांकडे. बाबा चष्मा न लावता म्हणाले, "मला माहीत आहे."

"आपोआपही वळतात हो कधी कधी," डोरीन म्हणाली. "पस्तिसाव्या आठवड्याला वळतात पुष्कळ."

खरं आहे. एका केसवरून काही सिद्ध होत नाही. हे मला कळतं. तरीही त्या पडद्याकडे मी किती वेळ बघत होते कोण जाणे. डोरीनला पुढच्या पेशंटला बोलवायचं होतं. "लव्ह," ती म्हणाली, "तू हसतेयस."

शुक्रवार, २६ फेब्रुवारी

बाबा परत गेले. कुकर ठेवून गेले. निघताना मी नमस्काराला वाकायचा प्रयत्न केला.

"राहू दे," म्हणाले. "इतके दिवस मीच केलाय."

सिझेरियनची तारीख आहे तशीच ठेवलीय. कन्सल्टंट म्हणाला, पुढच्या स्कॅननंतर रद्द करू. मी आत्ताच मनात रद्द केली.

बुधवार, ३ मार्च

बरगडीखाली हात ठेवायची सवय जात नाही. तिथे आता मऊ आहे.

रविवार, ७ मार्च

बाबांचा फोन. "ठोके कुठे आहेत?" मी म्हटलं, तुमचा कर्णा तुम्ही घेऊन गेलात. म्हणाले, विसरायला हवा होता.

पोटात काल खूप धावपळ होती. आज शांत.

मंगळवार, ९ मार्च

डोरीनने मशीन बंद करून परत सुरू केलं. मी म्हटलं, मशीन बरोबर आहे, मीच तपासलंय.

डोकं वर. त्याच बरगडीखाली.

मिसेस क्वोकना फोन केला. परत करून बघा हवं तर, म्हणाल्या, पण मी तुमच्या जागी असते तर तारीख रद्द केली नसती. कन्सल्टंटही तेच म्हणाला. बाळ खाली आलं होतं, बघून गेलं. दोनदा पूर्ण वळलं, इतक्याशा जागेत. मला राग येत नाही. येईल असं वाटलं होतं.

फोनवर मला हे जमणार नाही. म्हणून पत्र. टाकण्याआधी इथे उतरवून ठेवते.

बाबा,
बाळ परत फिरलं. ऑपरेशन गुरुवारी, १८ तारखेला सकाळी. मी जागी असेन. आत एका माणसाला बसू देतात, उशाशी. जागा दुर्योधनाची आहे, पण तेवढी एकच आहे. तुमचा नियम मला माहीत आहे. मला एकटीला आत जायची भीती वाटते. तुम्ही येऊन बसाल का? सोबत बसणाऱ्याचं नाव वॉर्डला द्यायचंय. शुक्रवार, १२ तारखेपर्यंत कळवा.
सुलू